सहा मशीनचं गणवेश युनिट वाढवायचं आहे, दहा लाखांचं कर्ज घेऊ का?

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावी सहा पॉवर मशीनवर शाळांचे गणवेश आणि थोडेफार कारखान्यांचे युनिफॉर्म शिवून देणारं युनिट आहे. मालकीण स्वतः सगळं बघतात. गेल्या वर्षीची उलाढाल ३८ लाख, त्यातले बावीसेक लाख एकट्या जून-जुलैचे. मे महिन्यात ऑर्डरी परत पाठवाव्या लागतात, म्हणून आणखी दहा मशीन घ्यायच्या आहेत आणि त्यासाठी दहा लाखांचं कर्ज हवं आहे. बँक तीन महिने ‘बघू’ म्हणते आहे. एका एजंटाने ३५ टक्के सबसिडीचं गाजर दाखवलं आहे. पुतण्या म्हणतो, फेसबुकवर जाहिरात टाका. यातलं आधी काय करावं?

आधी मशीनचा विषय बाजूला ठेवा. मे महिन्यात ऑर्डर परत का गेली, याचं उत्तर गेल्या वर्षीच्या कापड खरेदीच्या बिलांत सापडेल. बिलांवरच्या तारखा बघा. मार्चमध्ये घ्यायचं कापड एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये, तुकड्या-तुकड्यांत आलेलं दिसलं तर अडचण मशीनची नव्हती, पैशाची होती. हातात रोकड नव्हती म्हणून कापड उशिरा आलं, कापड उशिरा आलं म्हणून मशीन एप्रिलभर रिकाम्या राहिल्या आणि मेमध्ये सगळं एकदम अंगावर आलं. गणवेशाच्या धंद्यात हे नेहमीचं आहे.

कापड वेळेवर आलं होतं आणि तरीही काम तुंबलं असेल, तर आठवडाभर प्रत्येक टप्प्यावर दिवसाला किती नग पुढे सरकतात ते लिहा: कटिंग, शिलाई, ओव्हरलॉक, काज-बटण, धागे कापणं, इस्त्री आणि पॅकिंग. बऱ्याचदा शिलाई पुरेशी असते. कटिंग अजून हातकात्रीने चाललेलं असतं किंवा काजांसाठी माल दुसऱ्याकडे पाठवावा लागतो आणि तिथे तीन-तीन दिवस पडून राहतो. अशा ठिकाणी एक कटिंग मशीन आणि एक काजाची मशीन जे काम करते ते दहा शिलाई मशीन करत नाहीत. शिवाय दहा मशीनना दहा कारागीर लागतात, ते सीझनला मिळत नाहीत आणि ऑगस्टनंतर त्यांना द्यायला काम नसतं. हप्ता मात्र बारा महिने.

आता पैशाचं गणित मांडू, कारण सगळं यावरच फिरतं. पुढच्या वर्षी ४८ लाखांची उलाढाल करायची म्हणजे सीझनचा माल साधारण २८ लाखांचा. कापड, बटणं, चेन, अस्तर मिळून विक्रीच्या ५५ टक्के आणि शिलाईची मजुरी २२ टक्के धरली (तुमचे आकडे वेगळे असतील, ते घाला), तर २८ लाखांच्या मालासाठी पहिला रुपया यायच्या आधी साडेएकवीस लाख बाहेर जातात. मार्चच्या मध्याला कापडाचे पैसे दिले, जूनमध्ये माल पोहोचवला आणि शाळेने ऑगस्टअखेर चेक दिला, तर पैसा साडेपाच महिने बाहेर राहिला. तुमच्याकडे एवढा पैसा नाही, कोणत्याच छोट्या युनिटकडे नसतो. प्रश्न इतकाच की तो कोणाचा वापरायचा आणि किती व्याजाने.

सगळ्यांत स्वस्त पैसा गिऱ्हाइकाचा असतो. ऑर्डर पक्की होताना ३० टक्के ॲडव्हान्स घेतला तर २८ लाखांवर ८ लाख ४० हजार बिनव्याजी हातात येतात आणि गरज एकदम १३ लाखांवर उतरते. शाळा ॲडव्हान्स देत नाही, असं लगेच म्हणाल. सगळ्या देत नाहीत हे खरं, पण मागितला जातो कधी? मेमध्ये, कापड कापून झाल्यावर. तेव्हा कोणी देत नाही. कोटेशनमध्येच ‘३० टक्के ऑर्डरसोबत, ५० टक्के माल पोहोचल्यावर, बाकी ३० दिवसांत’ असं छापील असेल आणि ॲडव्हान्स न देणाऱ्याला दर नगामागे थोडा चढा लावला असेल, तर पाचांतल्या दोन-तीन संस्था पहिला पर्याय घेतात. ज्या शाळांचे पालक गणवेश स्वतः विकत घेतात तिथे जूनमध्ये काउंटर लावला की पैसा त्याच दिवशी येतो. अशा शाळा यादीत वाढवणं हेसुद्धा भांडवल उभं करणंच आहे.

उरलेल्यासाठी बँक. इथे चुकीच्या प्रकारचं कर्ज मागितलं जातं म्हणून गाडी अडते. मशीन, शेड, फर्निचर यांसाठी मुदत कर्ज असतं, ठरलेल्या हप्त्याचं. कापड, मजुरी आणि उधारी यांसाठी खेळतं भांडवल, म्हणजे कॅश क्रेडिट, सगळे ज्याला सीसी म्हणतात. सीसीवर जेवढे वापरले तेवढ्यावर आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज लागतं, त्यामुळे सीझनच्या धंद्याला ते अंगाबरोबर बसतं. सीसीच्या पैशातून मशीन घेणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. पैसा मशीनमध्ये कायमचा गाडला जातो आणि मार्चमध्ये कापड घ्यायला लिमिट शिल्लक राहत नाही.

छोट्या उद्योगांच्या सीसीची मर्यादा ठरवायला बँका रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीचं सूत्र वापरतात. पुढच्या वर्षीच्या अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के एवढी खेळत्या भांडवलाची गरज धरायची. त्यातले २० टक्के बँकेचे, ५ टक्के मालकाचे. ४८ लाखांवर गरज १२ लाख, बँक ९ लाख ६० हजार, तुमचे २ लाख ४० हजार. वर काढलेल्या १३ लाखांना सव्वा लाखभर कमी पडतात, ते कापडवाल्याच्या तीस दिवसांच्या उधारीत भागतं. ४८ लाख हा आकडा मात्र हवेत काढलेला चालत नाही. ३८ वरून ४८ कसे होणार ते ऑर्डरींच्या पत्रांनी दाखवावं लागतं. ३८ वरून ८० लिहिलं की अधिकारी फाइल बाजूला ठेवतो.

सीसीत दोन खोडी आहेत. पहिली म्हणजे मर्यादा मंजूर झाली तरी उचलता येतो तो ड्रॉइंग पॉवरएवढाच पैसा. तो असा काढतात: पैसे दिलेला माल अधिक येणी, त्यातून मार्जिन वजा, बहुधा २५ टक्के. मार्चमध्ये तुमच्याकडे ना माल असतो ना येणी, म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हाच पॉवर सर्वांत कमी. म्हणून मंजुरीच्या वेळीच सीझनची आणि बिगरसीझनची मर्यादा वेगळी मागा, बँकेत याला पीक लेव्हल म्हणतात, आणि पहिल्या लॉटसाठी स्वतःचे अडीच लाख व ॲडव्हान्स राखून ठेवा. पहिला लॉट आला की त्यावर पुढचे पैसे निघतात. दुसरी खोड: ९० दिवसांपेक्षा जुनी येणी साधारणपणे धरली जात नाहीत. जूनमध्ये दिलेल्या मालाचे पैसे शाळेने सप्टेंबरमध्येही दिले नाहीत तर ती रक्कम पॉवरमधून गळते आणि खातं मर्यादेबाहेर दिसायला लागतं. स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला ठरलेल्या तारखेच्या आत, खरं भरा. खातं ९० दिवस सलग मर्यादेबाहेर राहिलं, किंवा ९० दिवसांत त्यात जमा झालेल्या रकमेतून व्याजसुद्धा भागलं नाही, तर ते थकीत ठरतं आणि पुढची कित्येक वर्षं हा डाग पुसत बसावं लागतं.

मग बँक ‘बघू’ का म्हणते? बँक जे बघते ते तुम्हीही बघा. ३८ लाखांच्या उलाढालीवर अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीखाली (उलाढालीचा ठरावीक टक्का हाच नफा धरून) ८ टक्क्यांनी रिटर्न भरलं असेल तर नफा दिसतो ३ लाख ४ हजार. दहा लाखांचं मुदत कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं: हप्ता २१,७४०च्या आसपास, वर्षाला २ लाख ६१ हजार. नफ्याच्या तीन लाख चार हजारांना हप्त्यांच्या दोन लाख एकसष्ट हजारांनी भागा, १.१६ येतात, तेही घरखर्च न काढता. बँकेला किमान १.२५ आणि सरासरीने दीडच्या वर हवे असतात. म्हणजे अधिकाऱ्याने तुम्हाला टाळलं नाही, त्याचं गणितच बसत नव्हतं. तोंडाने सांगितलं असतं तर तुमचे तीन महिने वाचले असते, हा भाग वेगळा.

त्यात विक्रीचे निम्मे पैसे नवऱ्याच्या बचत खात्यावरच्या क्यूआर कोडवर येत असतील तर ते बँकेच्या लेखी तुमच्या धंद्याचे नाहीतच. आजच्या आज युनिटच्या नावाने चालू खातं काढा आणि काउंटरवरचा क्यूआर बदला. डिजिटल जमेवर अनुमानित नफा ८ ऐवजी ६ टक्के धरायची मुभा असली तरी कर्ज काढायचं आहे त्या वर्षी खरा नफा दाखवा. जास्त नफा जाहीर करायला कायद्याने कधीच बंदी नाही. थोडा कर वाचवून कर्जाची पात्रता घालवणं हा तोट्याचा सौदा. सहा ते बारा महिन्यांचं स्वच्छ स्टेटमेंट, त्यात एकही चेक परत गेलेला नाही आणि महिनाअखेर ओढूनताणून फिरवलेल्या रकमा नाहीत, यापेक्षा मोठी शिफारस नाही. अशी फिरवाफिरवी अधिकाऱ्याला दोन मिनिटांत कळते. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळतो, तो अर्जाच्या आधी काढून वाचा. कुणाला जामीन राहिलात आणि विसरलात, मोबाइलच्या हप्त्याचे राहिलेले चारशे रुपये ‘सेटल्ड’ म्हणून नोंदलेले, असल्या गोष्टी तिथे निघतात. दुरुस्तीला महिना जातो, म्हणून आधी.

अर्जासोबत न्यायचं ते: तीन वर्षांची रिटर्न्स आणि ताळेबंद, बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), भाडेकरार किंवा घरपट्टीची पावती, मशीनची कोटेशनं (जीएसटीसकट, विक्रेत्याच्या शिक्क्यानिशी), शाळांच्या ऑर्डरी, आणि येणी-देण्यांची नावनिशी तारीखवार यादी. ही शेवटची यादी कोणीच नेत नाही, आणि अधिकाऱ्याचा विश्वास बसतो तो तिच्यावरच. सीएकडून घेतलेला चाळीस पानी प्रोजेक्ट रिपोर्ट त्यानंतर. त्यातलं प्रत्येक पान तुम्हाला स्वतःला समजावून सांगता आलं पाहिजे, कारण भेटीत तेच विचारतात.

अर्ज दिला की पोच घ्या, तारखेसह. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर बँकेने साधारण १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय घ्यावा असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे, आणि नकार दिला तर कारण लेखी द्यायचं असतं. पोच नसेल तर तुम्ही अर्ज केलाच नव्हता. लेखी कारण हातात आलं की ते घेऊन जिल्हा अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांच्या कर्जवाटपाचा समन्वय बघणाऱ्या बँकेच्या) व्यवस्थापकाकडे जा. तिथून दबाव आणायचा नाही, कोणत्या शाखेचं उद्दिष्ट राहिलं आहे आणि कोणती शाखा असे प्रस्ताव करते, हे विचारायचं.

तारणाबद्दल गैरसमज फार आहेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही (एप्रिल २०२६च्या आधी ही मर्यादा १० लाख होती). मुद्रामध्ये शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुण फेडून झाल्यावर तरुण प्लस २० लाखांपर्यंत अशा पायऱ्या आहेत. मुद्रा ही वेगळी बँक नाही, तुमचीच बँक देते आणि तिचेच निकष लावते. त्याहून मोठ्या रकमेला तारण नसेल तर बँक सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांच्या कर्जांना हमी देणाऱ्या ट्रस्टची हमी घेते. तिची वार्षिक फी कर्जदाराच्या खात्यातून जाते आणि ती हमी बँकेसाठी असते, तुमच्यासाठी नाही. कर्ज बुडालं की ट्रस्ट बँकेला पैसे देतो आणि वसुली तुमच्यावर तशीच चालू राहते. ‘सरकारने हमी घेतली आहे, फेडलं नाही तरी चालतं’ हे पारावरचं ज्ञान पारावरच ठेवा.

एजंट म्हणतो ती ३५ टक्क्यांची योजना म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. ग्रामीण भागात महिला अर्जदाराला ३५ टक्के, शहरी भागात २५ टक्के, स्वतःचा हिस्सा ५ टक्के, उत्पादनाच्या प्रकल्पाची मर्यादा ५० लाख. आकडे खरे आहेत. पण ती नव्या उद्योगासाठी आहे, चालू युनिटला लागू नाही. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही नव्यासाठीच. चालू युनिटला वाढीसाठी दुसऱ्या कर्जाची जी तरतूद आहे ती आधी याच योजनेत किंवा मुद्रात कर्ज घेऊन फेडलेल्यांसाठी, आणि तिथे अनुदान १५ टक्के. म्हणून एजंट सुचवेल की जावेच्या नावाने ‘नवीन’ युनिट दाखवू. करू नका. सबसिडी रोख हातात येत नाही. दहा लाखांच्या प्रकल्पात साडेनऊ लाखांचं कर्ज उचलावं लागतं, साडेतीन लाख बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकतात आणि तपासणीत युनिट नवं नाही किंवा चालू नाही असं निघालं तर ते परत जातात. त्या वेळी एजंटाचा फोन बंद असतो, कर्ज जावेच्या नावावर असतं, आणि मग घरातलं बोलणंही बंद होतं. अर्जाला सरकारी फी नाही. अर्ज भरायला मदत हवी तर जिल्हा उद्योग केंद्रात जा.

सामाजिक महामंडळांच्या व्याज परतावा योजनांत आणखी एक अडखळण असतं: परतावा म्हणजे हप्ता आधी तुम्ही भरायचा, व्याज नंतर खात्यात. हप्ता चुकला की परतावा गेला. आणि पात्रतेचं पत्र कर्ज मंजूर व्हायच्या आधी काढावं लागतं, मागाहून नाही.

बँक जमली नाही म्हणून फायनान्स कंपनीचा ‘फक्त १ टक्का महिना’ स्वीकारण्याआधी एक हिशोब करा. ५ लाख, तीन वर्षं, १२ टक्के फ्लॅट (म्हणजे व्याज शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर): व्याज १ लाख ८० हजार, हप्ता १८,८८९. घटत्या शिलकीवर याचा दर पडतो २१.२ टक्के. प्रोसेसिंग फी आणि माथी मारलेला विमा धरला की आणखी वर. ऑक्टोबर २०२४ पासून अशा मुदत कर्जासोबत मुख्य तथ्यांचं पत्रक देणं बंधनकारक आहे, त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर छापलेला असतो. सही करण्याआधी तेवढी एकच ओळ शोधून वाचा.

आता येणी. उद्यम नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅनवर दहा मिनिटांत होते, पण ती माल देण्याच्या आधी झालेली हवी. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर ठरल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असं २००६चा एमएसएमई कायदा सांगतो. त्यापुढे रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक दराच्या तिप्पट व्याज, मासिक चक्रवाढ. बँक दर साडेपाच असेल तर साडेसोळा टक्के. तक्रार सरकारी पोर्टलवरून, असे थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते. तुम्ही शिवून देता म्हणजे उत्पादक आहात, तुम्हाला हे लागू आहे. तयार माल आणून नुसता विकलात तर व्यापारी, मग हे संरक्षण नाही.

प्रत्यक्षात मात्र कायद्याची नोटीस दिलेली शाळा पुढच्या वर्षी ऑर्डर देत नाही. म्हणून हा दांडका शेवटचा. रोजच्या वापराचं हत्यार साधं आहे: प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि ‘देय तारीख’ छापा, मुदतीच्या पाच दिवस आधी लेखनिकाला फोन करा, आणि माल पोहोचवताना चलनावर साइजवार आकडे लिहून सही-शिक्का घ्या. निम्मे पैसे अडतात ते ‘अकरा शर्ट कमी आले होते’ अशा वादात. कारखान्यांच्या बाबतीत आणखी एक सोय झाली आहे. आयकर कायद्यातल्या २०२३च्या दुरुस्तीमुळे मुदतीत पैसे न दिल्यास तो खर्च त्यांना त्या वर्षी वजा मिळत नाही, त्यामुळे त्यांचा अकाउंटंट मार्चमध्ये स्वतःच फोन करतो. करमुक्त ट्रस्टच्या शाळेला याची झळ लागत नाही.

जीएसटीचंही आत्ताच ठरवा. मालाच्या विक्रीला ४० लाखांची मर्यादा आहे, तुम्ही ३८ वर आहात, म्हणजे पुढच्या वर्षी नोंदणी अटळ. गिऱ्हाइकं बहुतेक शाळा असतील आणि दर ‘सगळं धरून’ ठरत असेल तर कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठरावीक टक्का भरायची सोपी योजना, खरेदीवरचा कर वजा होत नाही) १ टक्का, ४८ लाखांवर ४८ हजार. नियमितमध्ये ५ टक्के विक्रीवर, त्यातून कापडावरचे ५ टक्के वजा, हातचे जातात लाखभर. फरक पन्नासेक हजारांचा. पण कंपोझिशनवाल्याकडून माल घेतला तर कारखान्याला कराची वजावट (क्रेडिट) मिळत नाही आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही. कारखान्यांचं काम तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे न्यायचं असेल तर नियमितच घ्या.

मार्केटिंगकडे येऊ. गणवेशाचा निर्णय मे महिन्यात होत नाही, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत होतो, मुख्याध्यापक आणि संस्थेचे सचिव मिळून करतात, आणि ते फेसबुक बघून करत नाहीत. त्यामुळे पुतण्याची जाहिरात शाळांसाठी वाया. पालकांसाठी काउंटर असेल तर १५ मे ते २० जून, गावाभोवती पंधरा किलोमीटर, एवढ्यापुरती चालेल.

शाळेत जाताना दोन शर्ट घेऊन जा, एक नवा आणि एक त्याच कापडाचा वीस वेळा धुतलेला. बोळे आले का, रंग उतरला का, कॉलर चुरगळली का हे त्यांनी हातात घेऊन बघावं. याच्यापुढे कुठलंही ब्रोशर फिकं पडतं. कोटेशनमध्ये कापडाची मिल, मिश्रणाचं प्रमाण आणि वजन लिहा, साइजवार दर लिहा, आणि मंजूर नमुन्यावर दोघांच्या सह्या करून तो सीलबंद एक शाळेत, एक तुमच्याकडे ठेवा.

दराच्या मागे लागू नका. सोलापूरचा गणवेश मोठ्या संख्येत बनतो, भिलवाड्याचं किंवा इचलकरंजीचं कापड त्यांना ट्रकाने येतं, तुम्हाला गठ्ठ्याने. नगामागे ते नेहमीच स्वस्त राहतील. त्यांना न जमणारी गोष्ट म्हणजे ऑगस्टमध्ये दाखल झालेल्या एका मुलीला ३४ साइजचा ट्युनिक तीन दिवसांत देणं, आखूड झालेली पँट बदलून देणं, दिवाळीनंतर फाटलेल्यांची भर घालणं. हे लेखी द्या: ‘वर्षभर, एक नगसुद्धा, चार दिवसांत’. त्यासाठी प्रत्येक शाळेचं दोन-तीन टक्के कापड त्याच लॉटमधलं राखून ठेवा. पुढच्या लॉटचा निळा तोच निळा कधीच नसतो. शिवाय इयत्तावार साइजची नोंद ठेवली की पुढच्या वर्षी कटिंगचा अंदाज चुकत नाही आणि पडून राहणारा माल कमी होतो.

जिल्हा परिषदेच्या शाळांचं काम मोठं दिसतं, पण दोन गणवेशांना मिळून ६०० रुपये आणि निधी येईल तेव्हा पैसे. धोरणही बदलतं: २०२४-२५ला कापडाची खरेदी राज्य पातळीवरून झाली, नंतर काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. भरीला असू द्या, त्याच्या भरवशावर मशीन घेऊ नका. एका गिऱ्हाइकाचा हिस्सा एकूण विक्रीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त नसावा, मग ती कितीही मोठी संस्था असो.

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. नावात ‘स्वस्त बेस्ट युनिफॉर्म’ असली भर घातली की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, पाटीवर आहे तेवढंच नाव लिहा. व्हॉट्सॲप बिझनेसवर शाळानिहाय कॅटलॉग करा. ब्रॉडकास्ट फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोहोचतो आणि एका यादीत २५६ जण बसतात, म्हणून पावतीवर ‘नंबर सेव्ह करा, साइज बदलायची असेल तर इथेच कळवा’ एवढं छापा.

शेवटी मे महिन्याची वाढीव शिलाई. त्यासाठी दहा मशीनऐवजी गावातले बचत गट बघा. उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) तालुका कार्यालयात कोणत्या गटात शिलाईवाल्या किती ते सांगतात, आणि आरसेटीत (बँकांची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था) शिकून निघालेल्या बायकांची यादीही मिळते. स्वतःच्या मशीनवर घरी बसून शिवणाऱ्या अशा आठ-दहा जणी सीझनला पुरतात. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांना शिंप्यांसाठीची पीएम विश्वकर्मा सांगा. त्यात १५ हजारांचं टूलकिट आणि ५ टक्के व्याजाने पहिलं एक लाखाचं कर्ज आहे. कटिंग मात्र स्वतःकडेच ठेवा आणि बाहेर शर्टाचे सुटे भाग द्या, पंचवीस नगांचा गठ्ठा, नंबर टाकून, चलनावर. एप्रिलपासून सुरू करा, कारण पहिले दोन गठ्ठे उसवून पुन्हा शिवावे लागतातच. आणि बँकेने सांगितलेला स्टॉकचा विमा काढताना त्या घरांचे पत्ते पॉलिसीत लिहून घ्या. पॉलिसीवर फक्त युनिटचा पत्ता असेल आणि एखाद्या घरात आग लागली, तर तिथल्या कापडाचा दावा मिळत नाही.